रिकाम्या वाटीतला जांभळा

सांगोल्याहून बेंगळुरूला परत येताना माझ्या बॅगेत डाळिंबाची सालं असायची. उन्हात वाळून कडक झालेली, आईने जुन्या उशीच्या अभ्र्यात गच्च बांधलेली. सोलापूरला उद्यान एक्सप्रेसमध्ये चढले की ते बोचकं पायांशी ठेवायचे, आणि रात्रभर गाडीच्या हेलकाव्यांबरोबर आतून खुळखुळ येत राहायची. सकाळी स्टेशनवरून मॅजेस्टिक, मॅजेस्टिकहून ३३५ ई. मारतहळ्ळीचा पूल आला की उतरायचं आणि खोलीवर न जाता थेट लॅब गाठायची, कारण दमट हवा लागली की सालींना बुरशी धरते.

आमच्याकडे ती साल औषध म्हणूनच माहीत. लहानपणी पोट बिघडलं की आजी सहाणेवर उगाळून बोटाने चाटवायची. तोंड असं आवळून यायचं की दोन घोट पाणी प्यायल्याशिवाय बोलता येत नसे. पुढे तेल्या रोग पडला आणि बाबांची डाळिंबाची बाग गेली. उपटलेली झाडं बांधावर जळत होती, मी पुण्याहून सुट्टीला आलेली होते, एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष. डाळिंबातून काहीतरी निघावं ही इच्छा माझ्या मनात तेव्हापासून आहे. संशोधन करणाऱ्याने अशी इच्छा बाळगू नये म्हणतात. मला ती होती, आणि तिने मला एकदा पुरतं फसवलं.

आमची लॅब म्हणजे वर्तूर रोडच्या एका गल्लीत, हार्डवेअरच्या दुकानावर भाड्याने घेतलेले दोन मजले. वर मुलींचं पीजी. जवळच एचएएलचा विमानतळ. प्रवासी विमानं २००८ साली देवनहळ्ळीला गेली, पण चाचणीला निघालेलं लढाऊ विमान डोक्यावरून गेलं की खिडक्यांच्या काचा अजून थरथरतात आणि सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र क्षणभर हलतं. मी मराठी आहे म्हटल्यावर इथे हमखास कुणीतरी सांगतं की मारतहळ्ळीचं नाव मराठ्यांवरून पडलं. दुसरा सांगतो, छे, एचएएलच्या ‘मारुत’ विमानावरून. पंधरा वर्षं मी दोन्ही कहाण्या ऐकते आहे.

आमचं काम साधं सांगायचं तर असं: वनस्पतींचे अर्क आमच्याकडे पुड्यांतून, बाटल्यांतून येतात आणि ते जिवंत पेशींवर काय करतात हे आम्ही बघतो. पहिली काही वर्षं यकृताच्या पेशी होत्या, मग त्वचेच्या. स्नायूंच्या पेशी आल्या आणि मी तिथेच थांबले.

या पेशींचं नाव सी२सी१२. मूळच्या उंदराच्या मांडीतल्या. १९७७ साली इस्रायलमधल्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये डेव्हिड याफे आणि ओरा सॅक्सेल यांनी उंदराच्या चिरडलेल्या मांडीतून, दुखापत भरून काढायला जाग्या झालेल्या पेशी वेगळ्या काढल्या. त्यांचीच पिल्लावळ आज जगभरच्या लॅबमध्ये वाढते आहे. आधी त्या एकेकट्या असतात, टोकं निमुळती, चरख्यावरच्या चातीसारख्या. भरपूर खायला घातलं की वाढत राहतात. मग आपण खाणं कमी करायचं. दहा टक्के सीरमऐवजी दोन टक्के, तेही घोड्याचं. तेव्हा त्या वाढायच्या थांबतात, एका दिशेने रांगेत लागतात आणि एकमेकींत विरघळतात. चार-पाच दिवसांनी डिशमध्ये लांबलचक नळ्या दिसतात, एकेका नळीत कितीतरी केंद्रकं. कधी कधी त्यातली एखादी नळी आपोआप आखडते आणि सैल होते. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी हूडमधली सगळी कामं तशीच टाकून शेजारच्या खोलीतल्या मुलींना बोलावून आणलं होतं. आजही तशी नळी दिसली की मी आयपीसवरून डोळा काढत नाही.

आता याच नळ्यांवर डेक्सामेथासोन टाकलं, म्हणजे दमेकऱ्यांना, संधिवाताच्या रुग्णांना देतात त्या स्टेरॉइडांपैकी एक, की एक-दोन दिवसांत त्या रोडावतात. वीस मायक्रॉनची नळी तेरा-चौदावर येते. स्नायूत बांधणी आणि मोडणी रोजच चाललेली असते. आजारपण, उपासमार, अंथरुणाला खिळणं, कर्करोग, नुसतं म्हातारपण, यांतलं काहीही आलं की मोडणीचा जोर वाढतो. ही मोडणी कोण करतं ते २००१ साली नीट कळलं. मर्फ-१ आणि अ‍ॅट्रोजिन-१ अशी दोन प्रथिनं सापडली, जी स्नायूतल्या इतर प्रथिनांवर ‘हे मोडायचं’ अशी खूण करतात. खूण झालेलं प्रथिन पेशीच्या दळणयंत्रात जातं. म्हणून ही खूण करणारे हात धरून ठेवील असा एखादा रेणू हवा, आणि तो शोधणाऱ्यांतले बरेच जण वनस्पतींकडे वळले. २०११ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातून आलं की सफरचंदाच्या सालीतलं उर्सोलिक आम्ल उंदरांच्या स्नायूंची झीज कमी करतं. हेच आम्ल आपल्या तुळशीच्या पानातही असतं. कुरुक्षेत्र विद्यापीठातल्या गटाने २०२० मध्ये दाखवलं की पायाची नस तोडलेल्या प्राण्यांत गुळवेलीच्या अर्काने स्नायूंची झीज मंदावते. चरकाने बल देणारी म्हणून जी दहा औषधं एका गटात बांधली त्यांत अश्वगंधा आहे, बला आहे, अतिबला आहे. बला म्हणजे आपला चिकणा, पावसाळ्यात बांधाबांधावर उगवणारा. इतक्या जुन्या माणसांनी इतक्या वर्षांच्या पाहण्यातून केलेला तो गट आहे. मी त्याकडे कधी हलकेपणाने पाहिलेलं नाही, आणि म्हणूनच त्याची परीक्षा ढिसाळपणे घेतलेली मला चालत नाही.

ढिसाळपणा कुठून सुरू होतो तर अगदी पोत्यापासून. एकदा अश्वगंधेच्या अर्काने आमच्या नळ्या चांगल्या जाड ठेवल्या. दोन महिन्यांनी त्याच पुरवठादाराकडून नवी खेप आली आणि त्याच मात्रेला सगळ्या नळ्या मेल्या. डिशच्या तळाशी नुसता चुरा. आठ दिवस मी माझ्या हातांना दोष देत होते, पेशी ज्यात वाढतात तो मीडिया बदलला, पेशी नव्याने काढल्या. शेवटी अर्क ज्या भुकटीचा केला होता ती भुकटी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मुळाच्या भुकटीत पिठासारखे स्टार्चचे कण दिसतात. ते होतेच, पण त्यांच्यामध्ये झुंबरासारखे फांद्या फुटलेले केसही होते. तसले केस अश्वगंधेच्या पानावर असतात, मुळावर नाहीत. मुळाच्या पोत्यात पाला मिसळला होता. पानात विथाफेरिन-ए हा घटक मुळापेक्षा कितीतरी जास्त असतो आणि तो पेशींना मारतो. कर्करोगावर काम करणाऱ्यांना त्याचं आकर्षण आहे ते त्याचसाठी. माझ्या नळ्यांना मात्र तो विष. नीमच, मंदसौरकडे शेतकरी जे पीक काढतो त्यात मुळालाच भाव असतो, पाला जवळजवळ फुकट. २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने उत्पादकांना पान न वापरण्याची सूचना केली तेव्हा मला माझी मेलेली डिश आठवली.

गुळवेलीचंही तेच. २०२० च्या शेवटी, करोनाच्या काळात, मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं. मंत्रालयाचं म्हणणं पडलं की ती गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असू शकेल. वाद बराच झाला. मला त्यातून एवढंच उचलावंसं वाटलं की वेल कुठली ते आधी ठरलं पाहिजे. तेव्हापासून ओळख पटवून घेतल्याशिवाय आम्ही कुठलीही वनस्पती कामाला घेत नाही. त्यासाठी कधी यलहंक्याला जाते. तिथे दर्शन शंकर यांनी १९९३ साली उभी केलेली संस्था आहे, वाळवलेल्या वनस्पतींचा आणि कच्च्या औषधांचा मोठा संग्रह आहे. त्याआधी ते आपल्या कर्जतला आदिवासींच्या औषधांवर काम करत होते. मारतहळ्ळीहून यलहंक्याला जायचं म्हणजे सकाळ गेलीच. पण त्या कपाटांपुढे उभं राहिलं की मला बरं वाटतं. एकेक काडी, एकेक साल, कुठून आणली, कुणी आणली, सगळं लिहिलेलं.

आता डाळिंबाची गोष्ट.

एका कंपनीसाठी आम्ही सहा अर्क तपासत होतो. मी हट्टाने सातवा घातला, माझ्या आईच्या हातच्या सालींचा. पेशी जिवंत किती हे बघायला एमटीटी नावाची साधी, स्वस्त चाचणी सगळीकडे करतात. पिवळ्या रंगाचं एक द्रव्य पेशींवर घालायचं. पेशी जिवंत असेल तर ती त्याचा जांभळा करते. जितका जांभळा गडद तितक्या जिवंत पेशी जास्त. ९६ बारीक वाट्यांची प्लेट असते. डेक्सामेथासोन घातलेल्या वाट्या फिकट आल्या, अश्वगंधेच्या थोड्या बऱ्या, आणि माझ्या डाळिंबाच्या वाट्या अशा गडद की यंत्राने आकडा दाखवण्याआधी डोळ्यांनाच दिसावं. तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच. त्या रात्री मी घरी फोन केला. बाबांना काय सांगितलं ते नेमकं आठवत नाही, पण आईने दुसऱ्या दिवसापासून शेजारपाजारच्या बागांतून सालं गोळा करायला सुरुवात केली होती. कंपनीने तोपर्यंत आपल्या सादरीकरणात एक पान वाढवलंसुद्धा: डाळिंब, स्नायूंचा रक्षक.

तीन आठवडे असे गेले. मग एका दुपारी आमच्याकडे शिकायला आलेली हुबळीची मुलगी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. डोळे भरलेले. तिच्या हातून एक चूक झाली होती. प्लेट भरताना शेवटच्या उभ्या ओळीत पेशी घालायच्याच राहिल्या, आणि अर्क मात्र सगळ्या वाट्यांत गेला. तिला वाटत होतं एवढी महागडी प्लेट वाया गेली. मी म्हटलं, असू दे, आण इकडे. प्लेट उजेडाकडे धरली.

शेवटची ओळही जांभळी होती.

त्या आठ वाट्यांत एकही पेशी नव्हती. जिवंत नाही, मेलेली नाही, काहीच नाही. तरी रंग आला होता. डाळिंबाच्या सालीत टॅनिन इतकं की पिवळ्याचा जांभळा करायला त्याला पेशीची गरजच नाही, ते एकटंच ते काम करतं. ज्या टॅनिनने लहानपणी माझं तोंड आवळून यायचं तेच. मी शुद्ध रसायनांवर काम करण्यात वाढलेली, तिथे असा घोळ होत नाही. म्हणून बिनपेशींच्या वाट्या ठेवायची सवयच नव्हती. रंगीत, कडवट, तुरट अर्क घेऊन काम करणाऱ्याला ही खबरदारी पहिल्या दिवसापासून हवी. मला ती एका विद्यार्थिनीच्या विसरण्यामुळे मिळाली. मी तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, आणि तू आज काय केलंस ते समजावून सांगितलं. तिला पटायला वेळ लागला.

मग प्रयोग नीट केले. अर्क धुऊन काढला, नळ्यांची जाडी मोजली, तीही डिशवर नाव न लिहिता. नुसते आकडे घालायचे, कुठल्या आकड्यात काय आहे ते दुसऱ्याने पाकिटात बंद करून ठेवायचं, मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही. मोजणं संपल्यावर पाकीट फोडायचं. डाळिंबाच्या नळ्या डेक्सामेथासोनच्या नळ्यांइतक्याच बारीक निघाल्या. कंपनीला मी स्वतः फोन करून सांगितलं की ते पान काढा. त्यांनी विचारलं, पूर्ण काढायलाच हवं का, ‘प्राथमिक निष्कर्ष’ म्हणून ठेवता येणार नाही का. मी नाही म्हटलं. ते काम पुढे आमच्याकडे आलं नाही. बाबांना सांगणं त्याहून जड गेलं. ते म्हणाले, ‘बरं केलंस लवकर कळवलंस, पोरं सालं विकत घ्यायला निघाली होती.’

इथे हा विषय संपला असता, पण संपला नाही. २०१६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधकांचं एक काम वाचलं होतं, ते मी पुन्हा काढून वाचलं. युरोलिथिन-ए नावाचा एक रेणू पेशीतली जुनी, निकामी झालेली ऊर्जाकेंद्रं साफ करायला लावतो. तो दिल्यावर म्हाताऱ्या उंदरांची पळण्याची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी वाढली. हा रेणू डाळिंबातून येतो, पण डाळिंबात नसतो. ना दाण्यात, ना सालीत. डाळिंबातलं टॅनिन आतड्यात उतरतं, तिथले जिवाणू त्याचे तुकडे करतात आणि त्यातून युरोलिथिन तयार होतं. सगळ्यांच्या आतड्यात होतही नाही. डाळिंबाचा रस पिणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के लोकांतच ते पुरेसं होताना दिसलं.

मी किती तरी वेळ तो कागद हातात धरून बसले. मी साल थेट पेशींवर ओतली होती. माझ्या डिशला आतडं नव्हतं. आजीने सहाणेवर उगाळलेली साल आधी माझ्या पोटात जात होती, मग जे काय व्हायचं ते होत होतं. पहिल्यांदा डाळिंबाने होकार दिला तो खोटा होता, दुसऱ्यांदा नकार दिला तोही पुरता खरा नव्हता, कारण त्याला विचारायची जागाच मी चुकले होते.

हे माझ्या डोक्यात घोळत होतं त्याच सुमाराला काका आमच्या बिल्डिंगमध्ये आले.

काका-काकू मंगळवेढ्याचे. मुलगा इथे मारतहळ्ळीत आयटीत. मंगळवेढा म्हणजे आमच्या शेजारचाच तालुका, त्यामुळे काकूंनी पहिल्याच भेटीत मला लेकीच्या खात्यात जमा करून टाकलं. काकांनी आयुष्यात आळंदी ते पंढरपूर अठरा वाऱ्या पायी केलेल्या. जानेवारी २०२४ मध्ये शेतातल्या घरी पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन सोलापूरला झालं, चांगलं झालं, पण नंतर दीड महिना ते जवळजवळ पडूनच होते. मुलाने इकडे आणलं. मी भेटायला गेले तेव्हा पलंगावर बसले होते, लुंगी गुडघ्यापर्यंत वर आलेली. माझी नजर त्यांच्या मांडीवर गेली आणि तिथेच राहिली. काका म्हणाले, ‘बघतीस काय? पायाच्या काड्या झाल्यात.’

मी दहा वर्षं झिजणारे स्नायू मोजत होते, मायक्रॉनमध्ये. २००७ सालचा एक अभ्यास मला तोंडपाठ होता: बारा धडधाकट वृद्धांना फक्त दहा दिवस झोपवून ठेवलं तर त्यांच्या पायांतला जवळजवळ एक किलो स्नायू गेला. तो एक किलो कसा दिसतो ते मी कधी पाहिलं नव्हतं. कातडी मांडीच्या हाडाला पदरासारखी लोंबत होती.

काकूंनी कपाटातून एक डबी काढली. अश्वगंधा चूर्ण, ऑनलाइन मागवलेलं. वर पिळदार दंडाच्या माणसाचं चित्र. ‘हे देऊ का गं? का तुझ्या लॅबात याच्याहून बरं काही असंल? थोडं आण की, कोणाला कळतंय.’

कोणाला कळतंय, हे त्या अगदी मायेने म्हणाल्या. मी डबीतलं चिमूटभर कागदात बांधून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. स्टार्चचे कण स्वच्छ, झुंबरासारखा केस एकही नाही. मूळच होतं ते, जेवढं डोळ्यांना दिसतं तेवढं तरी चांगलं. मला वाटलं होतं पाला निघेल आणि माझं काम सोपं होईल. तसं झालं नाही.

अश्वगंधेबद्दल माणसांवर जे झालंय त्यातलं मला सगळ्यात जवळचं वाटतं ते मुंबईचं काम. डॉ. अश्विनीकुमार राऊत, डॉ. निर्मला रेगे, डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ निरोगी माणसांना मुळाचा पाण्यातला अर्क दिला, रोज ७५० मिलिग्रॅम, दहा दिवसांनी १०००, पुढचे दहा दिवस १२५०. यकृत, मूत्रपिंड, सगळं तपासत. स्नायूंची ताकद वाढलेली दिसली, झोप सुधारली. एका माणसाला सर्वांत कमी मात्रेलाच चक्कर आणि भास झाले, त्याला थांबवलं, आणि तेही त्यांनी सरळ लिहिलं. २०१२ मध्ये ते आमच्या या बेंगळुरूतून निघणाऱ्या आयुर्वेदाच्या नियतकालिकात छापून आलं. तुलनेला दुसरा गट नव्हता, ते पहिलंच पाऊल होतं, आणि पहिलं पाऊल म्हणूनच त्यांनी ते मांडलं. २०१५ मध्ये ५७ जणांवर तुलनेसह चाचणी झाली, व्यायामाबरोबर आठ आठवडे, त्यातही ताकद जास्त वाढली. पण तो गट तरण्याताठ्या पुरुषांचा, वजनं उचलणारा. केईएममध्ये शरदिनी डहाणूकरांनी गुळवेलीवर वर्षानुवर्षं केलेलं काम, त्यांचं ‘फुलवा’, हे वाचत मी या वाटेला आले. त्यांच्याकडून शिकले ते हे की औषध देताना ते कुणाला देतोय हे आधी बघायचं.

आणि काकांच्या उशाशी थायरॉइडची गोळी होती. अश्वगंधा थायरॉइडची पातळी वर नेऊ शकते. शिवाय साखरेचीही गोळी होती. मी काकूंना म्हटलं, ‘चूर्ण चांगलं आहे काकू, पण काकांना नको. डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको.’

‘मग काय द्यायचं?’

‘लॅबमधलं काही देणार नाही. खुर्ची आणा.’

हात नसलेली, पक्की लाकडी खुर्ची. हात छातीवर बांधून पाच वेळा उठायचं आणि बसायचं. आशियातल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली ठरवलेलं माप असं की याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर स्नायूंचा जोर कमी पडतोय. हात बांधून काकांना एकदाही उठता आलं नाही. हातांनी रेटून पाच वेळा उठले, ४१ सेकंद. पोटरीचा घेर पुरुषांत ३४ सेंटिमीटरच्या खाली असला तर काळजी करायची. काकांचा भरला २९. मी शिवणकामाची टेप लावली होती, बॉलपेनने पोटरीवर एक बारीक रेघ ओढली, पुढच्या वेळी तिथेच मोजायचं म्हणून.

फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनदा यायला लागली. मंगळुरूकडची मुलगी, काकांशी हिंदीत बोलायची, काका तिला मराठीत उत्तरं द्यायचे, दोघांचं उत्तम जमलं. राहिला प्रश्न खाण्याचा. काका माळकरी, अंडं-मटण नाही. वजन ५८ किलो, म्हणजे अशा अवस्थेत दिवसाला सत्तर ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. काकूंच्या स्वयंपाकात भाकरी, आमटी, भाजी, एवढ्यात चाळीसच्या वर जात नव्हतं. मग आम्ही दोघी वही घेऊन बसलो. सकाळी मोड आलेली मटकी, दुपारी घट्ट पिठलं आणि वाटीभर दही, संध्याकाळी शेंगदाण्याचा लाडू, रात्री दूध. व्यायाम झाल्यावर तासाभरात काहीतरी पोटात गेलंच पाहिजे. काकू म्हणायच्या, ‘पैलवानाला खुराक घालतीया मी.’ मार्चमध्ये बोअर आटले आणि बिल्डिंगला टँकर यायला लागले तेव्हासुद्धा मटकी भिजवायचं पाणी काकूंनी चुकवलं नाही.

आमच्या लॅबमध्येही तेव्हा पाण्याची मारामार होती. सप्टेंबर २०२२ मध्ये पाणी जास्त झालं म्हणून हाल. रिंग रोड बुडाला, मुन्नेकोळाल बुडालं, आणि मी गुडघाभर पाण्यातून लॅबपर्यंत चालत गेले, कारण नळ्यांचा मीडिया दर अठ्ठेचाळीस तासांनी बदलला नाही तर पाच दिवसांची मेहनत जाते. काकांना ही हकिकत फार आवडायची. उंदराच्या पेशींना खायला घालायला बाई पुरातून गेली, असं ते आल्यागेल्याला सांगायचे.

मी एकदा त्यांना सगळं समजावून सांगितलं, डाळिंब, जांभळा रंग, आतडं. त्यांनी एकच विचारलं: ‘मग आतडं कुठनं आणणार?’

तेच आम्ही करतोय. आता साल पेशींवर ओतत नाही. आधी ती आम्लात, मग पाचक रसांत, मग प्राणवायू नसलेल्या बंद बरणीत, जिथे निरोगी माणसांच्या विष्ठेतले जिवाणू वाढवलेले असतात. दोन दिवस. वास असा की वरच्या पीजीतून दोनदा तक्रार आली. जे गाळून निघतं ते नळ्यांवर, आणि शेजारच्या वाट्यांत बिनपेशींचं, बिनसालीचं, बिनजिवाणूंचं, सगळं वेगवेगळं. माणसांवरचं काम पुढे गेलं आहे, तेही मी डोळ्यांपुढे ठेवते. २०२२ मध्ये सिॲटलला ६५ ते ९० वयाच्या ६६ लोकांना चार महिने रोज एक ग्रॅम युरोलिथिन किंवा तसंच दिसणारं निष्क्रिय औषध दिलं. हातापायाचे स्नायू न थकता जास्त वेळा आखडू लागले. पण सहा मिनिटांत किती चालतात, जे मुख्य माप होतं, त्यात निष्क्रिय औषधाहून वेगळं असं काही ठरवता आलं नाही. हा निकाल मी भिंतीवर लावला आहे, दोन्ही अर्ध्यांसकट.

१७ जुलै, आषाढी. मी लॅबमधून आले तेव्हा सात वाजले होते. काका खाली बिल्डिंगभोवती वॉकर घेऊन फेऱ्या मारत होते. पालखी आळंदीहून निघाली त्या दिवसापासून त्यांनी हे धरलं होतं. पहिल्या दिवशी एक फेरी, मग दोन, त्या दिवशी अकरावी चालू होती. कपाळावर बुक्का, अंगात बंडी, आणि पाठीमागून पाण्याची बाटली घेऊन काकू. वॉचमनही त्यांच्याबरोबर थोडं चालून गेला. मी त्यांना कठड्यावर बसवून टेप लावली, पेनची रेघ काकू दर आंघोळीनंतर पुन्हा ओढून ठेवायच्या. साडेतीस. मग खुर्ची आणली. हात बांधून पाच वेळा, १९ सेकंद.

‘किती?’

‘एकोणीस.’

‘बारा पायजेत ना?’

‘बाराच्या आत.’

काका थोडा वेळ दम घेत बसले. मग म्हणाले, ‘आणि तुझ्या डाळिंबाचं काय झालं?’

‘मोजून झालंय काका. पाकीट उद्या फोडायचंय.’

‘मग उद्या सांग,’ म्हणत त्यांनी वॉकर पुढे सरकवला आणि बाराव्या फेरीला लागले.